'आहे' दिसलं की 'हॅव' लावायचं? प्रेझेंट परफेक्ट की सिंपल पास्ट

पूर्णविराम:

'मी काल मेल पाठवला आहे.' मराठीत या वाक्याला कोणी नाव ठेवणार नाही. तेच शब्दाला शब्द लावून इंग्रजीत नेलं की 'आय हॅव सेंट द मेल यस्टरडे' होतं आणि ते सरळसरळ चूक आहे. पाठवला म्हणजे सेंट, आहे म्हणजे हॅव, काल म्हणजे यस्टरडे. हिशेब तर जुळतो. मग बिनसलं कुठे? मराठीतल्या 'आहे'चं 'काल'शी काही वाकडं नाही. इंग्रजीतल्या 'हॅव'चं आहे. एका वाक्यात ते दोघं नांदत नाहीत.

दुसरी चूकही तितकीच ठरलेली. 'मी काल त्याच्याकडे गेलो होतो' याचं 'आय हॅड गॉन टु हिज प्लेस यस्टरडे' केलं जातं. मराठीत 'गेलो होतो' ही झालेली गोष्ट सांगायची रोजची पद्धत. इंग्रजीत मात्र 'हॅड गॉन' म्हटलं की ऐकणारा पुढच्या वाक्यासाठी थांबतो: गेला होतास, बरं, मग काय झालं? कारण 'हॅड' राखून ठेवलंय ते भूतकाळातल्या एखाद्या घटनेच्याही आधीच्या घटनेसाठी. इथे साधं 'आय वेंट टु हिज प्लेस यस्टरडे' पुरतं.

म्हणजे गेलो, गेलो आहे, गेलो होतो ही तीन रूपं एका बाजूला आणि वेंट, हॅव गॉन, हॅड गॉन दुसऱ्या बाजूला मांडली की जोड्या लागल्यासारख्या दिसतात, पण लागत नाहीत.

तिसरा घोटाळा व्याख्येचा. 'नुकतीच पूर्ण झालेली क्रिया म्हणजे पूर्ण वर्तमानकाळ', म्हणजे प्रेझेंट परफेक्ट, हे अनेकांनी घोकलेलं असतं. आता हे बघा. 'ही लेफ्ट टू सेकंड्स अगो.' दोन सेकंदांपूर्वीची गोष्ट, तरी सिंपल पास्ट, म्हणजे साधा भूतकाळ. 'पीपल हॅव वॉक्ड ऑन द मून.' त्यातली शेवटची पावलं डिसेंबर 1972 मधली, तरी प्रेझेंट परफेक्ट. घटना होऊन किती वेळ झाला यावर काहीही ठरत नाही.

ठरतं ते एवढ्यावर: मी ज्या काळाच्या तुकड्याबद्दल बोलतोय तो आत्तापर्यंत उघडा आहे की मागेच बंद झालाय? उघडा असेल तर परफेक्ट, बंद असेल तर सिंपल पास्ट. चंद्राच्या वाक्यात तुकडा आहे 'आजवरचा सगळा काळ', तो उघडा. 'दोन सेकंदांपूर्वी' हा मागे राहिलेला बिंदू, तो बंद.

अडलेली वाक्यं, अपवाद, शंका सगळं येऊ द्या. इंग्रजी वाक्यं देवनागरीतच लिहू.

---

कानामात्रा:

चांगला धागा. 'उघडा तुकडा, बंद तुकडा' हे शब्द आवडले, तेच वापरतो.

तुकडा बंद करणारे शब्द: यस्टरडे, लास्ट वीक, इन 2015, ऑन मंडे, अ‍ॅट फाइव्ह, अगो, आणि 'व्हेन आय वॉज अ चाइल्ड' यासारखं अख्खं उपवाक्य. यातलं काहीही वाक्यात आलं की 'हॅव' खोडा, दुसरा विचार करू नका.

आत्तापर्यंत उघडा ठेवणारे: सो फार, अप टु नाउ, येट, लेटली, आणि 'सिन्स'. यांच्याबरोबर परफेक्ट.

खरी मारामारी तिसऱ्या गटात आहे. टुडे, धिस मॉर्निंग, रीसंटली, फॉर, एव्हर, जस्ट, बिफोर. हे दोन्हीकडे जातात. पाठ्यपुस्तकात 'फॉर दिसलं की परफेक्ट' असं लिहिलेलं असतं ते अर्धसत्य आहे. 'आय लिव्ह्ड देअर फॉर फाइव्ह इयर्स' म्हणजे पाच वर्षं राहिलो आणि सोडलं. 'आय हॅव लिव्ह्ड हिअर फॉर फाइव्ह इयर्स' म्हणजे अजून राहतोय. 'फॉर' फक्त लांबी सांगतो, ती लांबी कुठे संपते ते सांगत नाही.

मुलाखतीत याचा थेट फटका बसतो. चालू नोकरीबद्दल 'आय वर्क्ड हिअर फॉर थ्री इयर्स' म्हटलं की समोरच्याला वाटतं, यांनी नोकरी सोडली.

---

रानवारा:

मग 'धिस मॉर्निंग'चं काय? ते उघडं की बंद हे कसं ठरवायचं?

---

पूर्णविराम:

घड्याळ बघून. अक्षरशः. सकाळी साडेदहाला विचाराल तर 'हॅव यू सीन हिम धिस मॉर्निंग?' कारण सकाळ अजून चालू आहे. तोच प्रश्न दुपारी चारला 'डिड यू सी हिम धिस मॉर्निंग?' होतो.

'टुडे'चा दिवस रात्रीपर्यंत उघडा असतो, तरीही त्यातला एखादा बंद प्रसंग मनात असेल तर सिंपल पास्ट येतो. 'आय हॅड अ मीटिंग विथ देम टुडे' संध्याकाळी सहाला अगदी बरोबर आहे, कारण बोलणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ती अकरा वाजताची बैठक आहे. 'आय हॅव हॅड थ्री मीटिंग्ज टुडे' म्हटलं तर तो आजचा आकडा मोजतोय आणि चौथी बैठक होऊ शकते. मोजदाद आली की परफेक्टकडे झुकाव, प्रसंग आला की पास्टकडे.

---

तिसरं_रूप:

कानामात्रा, 'जस्ट'मध्ये एक भर. 'ही हॅज जस्ट लेफ्ट' आणि 'ही लेफ्ट जस्ट नाउ' दोन्ही बरोबर. पण 'ही हॅज लेफ्ट जस्ट नाउ' कानाला खटकतं. 'जस्ट' म्हणजे 'नुकताच', 'जस्ट नाउ' म्हणजे 'क्षणभरापूर्वी'. दुसऱ्यात घड्याळाचा बिंदू आहे, म्हणून तो 'अगो'च्या पंगतीत बसतो.

आणि 'बिफोर' व 'अगो' यांची गल्लत. 'दोन वर्षांपूर्वी'चं 'टू इयर्स बिफोर' केलं जातं. आजपासून मागे मोजायचं तर 'टू इयर्स अगो' आणि सिंपल पास्ट. 'बिफोर' एकटा आला, 'यापूर्वी' या अर्थाने, तर परफेक्ट: 'आय हॅव सीन धिस बिफोर.'

---

दवबिंदू:

मराठी बाजूने थोडं. पूर्णविराम यांनी 'आहे'चा सापळा दाखवला, पण त्याहून मोठा सापळा साध्या '-ला' रूपाचा आहे, कारण मराठीत ते रूप भूतकाळाचं असूनही पुष्कळदा आत्ताची अवस्था सांगतं.

'भूक लागली.' हे 'आय फेल्ट हंग्री' नाही, 'आय अ‍ॅम हंग्री' आहे. 'दमलो' म्हणजे 'आय अ‍ॅम टायर्ड'. 'कंटाळा आला' म्हणजे 'आय अ‍ॅम बोअर्ड'. 'बस आली!' असं थांब्यावर कोणी म्हणालं तर 'द बस इज हिअर'. आणि 'आलोच!' म्हणजे 'आय अ‍ॅम कमिंग', जिथे मराठीत क्रिया अजून व्हायचीच आहे आणि रूप मात्र भूतकाळाचं.

म्हणून मराठी वाक्याचं रूप बघून इंग्रजी काळ ठरवू नये, अर्थ बघावा. 'पाऊस आला' हे खिडकीतून बघत म्हणालात तर 'इट हॅज स्टार्टेड रेनिंग'. कालच्या सामन्याबद्दल 'मध्येच पाऊस आला' म्हणालात तर 'इट स्टार्टेड रेनिंग'. मराठी शब्द तेच.

---

उंबरठा:

+1. नकारात मात्र मराठी आपल्या मदतीला येते. 'तो आला नाही' आणि 'तो अजून आलेला नाही' यांतला फरक आपल्याला कोणी शिकवावा लागत नाही. पहिलं 'ही डिड नॉट कम', कार्यक्रम आटोपला, दारं लागली. दुसरं 'ही हॅज नॉट कम येट', वाट बघणं चालू आहे. 'आलेला नाही'च्या आधी 'अजून' घालून वाक्य सरळ वाटलं तर परफेक्ट. ही चाचणी होकारी वाक्यांपेक्षा नकारी वाक्यांत कितीतरी भरवशाची आहे.

---

रानवारा:

पण मग 'आय डिड नॉट रिसीव्ह इट येट' असं सर्रास ऐकू येतं. ते चूक?

---

तिसरं_रूप:

ब्रिटिश मोजपट्टीने चूक, अमेरिकन बोलण्यात चालतं. अमेरिकेत जस्ट, ऑलरेडी, येट या तिघांबरोबर सिंपल पास्ट रोजचा आहे: 'डिड यू ईट येट?', 'आय ऑलरेडी सॉ इट', 'ही जस्ट लेफ्ट'. ब्रिटनमध्ये याच जागी 'हॅव यू ईटन येट?', 'आय हॅव ऑलरेडी सीन इट', 'ही हॅज जस्ट लेफ्ट' अशी सवय.

पण इथूनच एक गैरसमज पसरतो की अमेरिकनांना परफेक्ट लागतच नाही. 'सिन्स' आणि 'सो फार' यांच्याबरोबर आणि अजून चालू असलेल्या 'फॉर'बरोबर अमेरिकनही परफेक्टच वापरतात. 'आय लिव्ह हिअर सिन्स 2015' न्यूयॉर्कमध्येही चूकच आणि लंडनमध्येही. सूट मुख्यतः त्या तीन छोट्या शब्दांपुरती आहे.

लिहिताना परफेक्ट ठेवा. 'आय हॅव ऑलरेडी सीन इट' दोन्हीकडे बरोबर धरलं जातं, 'आय ऑलरेडी सॉ इट' एकीकडेच.

---

कानामात्रा:

अंशतः असहमत. अमेरिकन लोकांसाठी लिहायचं असेल तर मुद्दाम ब्रिटिश सवय कशाला लावून घ्यायची? लिखाण एकसारखं असलं म्हणजे झालं.

---

तिसरं_रूप:

एकसारखं असावं हे मान्य. पण आधी 'हॅव'ची जागा कळलेली असली पाहिजे, मग सोडायची का ठेवायची ते ठरवता येतं. न कळता सोडणं आणि अमेरिकन शैली यांत फरक आहे.

---

दवबिंदू:

'सिन्स' निघालाच आहे तर ते नीट उलगडू, कारण मराठी माणसाची ही सगळ्यात चिवट चूक आहे.

'मी दहा वर्षांपासून इथे राहतो.' मराठीत साधा वर्तमानकाळ. म्हणून 'आय अ‍ॅम लिव्हिंग हिअर सिन्स टेन इयर्स'. या एका वाक्यात दोन चुका आहेत. पहिली काळाची. मागे सुरू होऊन आत्तापर्यंत आलेल्या गोष्टीला इंग्रजीत नुसता वर्तमानकाळ चालत नाही, 'हॅव लिव्ह्ड' किंवा 'हॅव बीन लिव्हिंग' हवं. दुसरी 'सिन्स'ची. सिन्सपुढे सुरुवातीचा बिंदू येतो: सिन्स 2015, सिन्स मंडे, सिन्स धिस मॉर्निंग. लांबी सांगायची तर 'फॉर': फॉर टेन इयर्स. मराठीतलं 'पासून' दोन्ही कामं करतं, '2015 पासून' आणि 'दहा वर्षांपासून', म्हणून सिन्स दोन्हीकडे घुसतो.

आता बारकावा. 'सिन्स'च्या पुढे अख्खं उपवाक्य आलं तर त्या उपवाक्यात सहसा सिंपल पास्ट आणि मुख्य वाक्यात परफेक्ट: 'आय हॅव मेट मेनी पीपल सिन्स आय केम हिअर.' येणं हा बिंदू, तो बंद. भेटणं चालू, ते उघडं. पण सिन्सच्या उपवाक्यातली अवस्थाच अजून चालू असेल तर तिथेही परफेक्ट येतो: 'सिन्स आय हॅव लिव्ह्ड हिअर, आय हॅव नेव्हर बीन इल.' इथे राहणं अजून संपलेलं नाही.

'नो' (ओळखणं, माहीत असणं), 'लाइक', 'बिलीव्ह' यांसारख्या मनःस्थितीच्या क्रियापदांना 'बीन' आणि 'आयएनजी' लावू नका. 'आय हॅव नोन हिम फॉर टेन इयर्स' बरोबर. 'आय हॅव बीन नोइंग हिम' कुठेच नाही.

---

उंबरठा:

याचंच भावंड: 'मी हे पहिल्यांदाच खातोय.' घास तोंडात असतानाही इंग्रजीत 'धिस इज द फर्स्ट टाइम आय हॅव ईटन धिस'. 'आय अ‍ॅम ईटिंग' नाही. कारण मोजणी 'आजवर किती वेळा' याची आहे आणि आजवर हा उघडा तुकडा. 'धिस इज द बेस्ट फिल्म आय हॅव एव्हर सीन' याच घराण्यातलं. वाक्याचा आरंभ 'इट वॉज'ने झाला तर मात्र 'हॅव'चं 'हॅड' होतं: 'इट वॉज द फर्स्ट टाइम आय हॅड ईटन धिस.'

---

पूर्णविराम:

या सगळ्यात एक गोष्ट राहून जातेय ती संभाषणाची. परफेक्ट बहुतेकदा दार उघडतो आणि सिंपल पास्ट आत जातो.

- आय हॅव फाउंड युअर कीज.
- व्हेअर डिड यू फाइंड देम?
- दे वेअर अंडर द सोफा.

पहिल्या वाक्यात बातमी आहे: किल्ल्या आता आहेत. ती कळली की पुढे प्रश्न त्या सापडण्याच्या प्रसंगाचा, तो प्रसंग बंद, म्हणून 'डिड'. इथे 'व्हेअर हॅव यू फाउंड देम?' विचारणं हीच ती चूक. बातम्यांतही हेच. मथळ्याखालचं पहिलं वाक्य 'द मिनिस्टर हॅज रिझाइन्ड', दुसऱ्या वाक्यापासून 'ही अनाउन्स्ड हिज डिसिजन अ‍ॅट टेन'. इंग्रजी बातमीच्या पहिल्या दोन ओळी या नजरेने वाचून बघा.

म्हणून 'व्हेन'ने सुरू होणाऱ्या प्रश्नात परफेक्ट जवळपास कधीच येत नाही. 'व्हेन हॅव यू अराइव्ह्ड?' चूक, 'व्हेन डिड यू अराइव्ह?' बरोबर. कधी असं विचारणं म्हणजेच बंद बिंदू मागणं.

---

रानवारा:

'आय हॅव लॉस्ट माय कीज' आणि 'आय लॉस्ट माय कीज' यांत मग फरक काय? वेळेचा शब्द तर दोन्हीत नाही.

---

कानामात्रा:

शेपूट जोडून बघा. 'पण मग सापडल्या.'

'आय लॉस्ट माय कीज, बट आय फाउंड देम' बसतं. 'आय हॅव लॉस्ट माय कीज, बट आय फाउंड देम' बसत नाही, कारण पहिल्या अर्ध्यातच तुम्ही सांगितलंय की किल्ल्या आत्ता नाहीत. परफेक्टमध्ये निकाल अजून शिल्लक असतो. 'शी हॅज ब्रोकन हर लेग' म्हणजे पाय प्लास्टरमध्ये आहे. 'शी ब्रोक हर लेग' म्हणजे कधीतरी मोडला होता, आता कदाचित धावतही असेल.

---

तिसरं_रूप:

'गॉन' आणि 'बीन' इथेच घेऊ. 'ही हॅज गॉन टु लंडन' म्हणजे गेलाय, तिथे आहे किंवा वाटेत आहे. 'ही हॅज बीन टु लंडन' म्हणजे जाऊन आलाय. मराठीत 'गेलाय' आणि 'जाऊन आलाय'. 'आय हॅव गॉन टु लंडन ट्वाइस' असं म्हटलं जातं, तिथे 'आय हॅव बीन टु लंडन ट्वाइस' हवं. बोलणारा तर समोर बसलाय.

---

अर्धविराम:

मृत व्यक्तींचा मुद्दा कोणी काढला नाही. 'शेक्सपिअर हॅज रिटन मेनी प्लेज' चूक, 'शेक्सपिअर रोट'. तो 1616 मध्ये वारला, त्याच्या आयुष्याचा तुकडा बंद. भाषाशास्त्रात याचं गाजलेलं उदाहरण आइनस्टाइनचं आहे. तो 1955 मध्ये अमेरिकेतल्या प्रिन्स्टन गावातच वारला. 'आइनस्टाइन हॅज व्हिजिटेड प्रिन्स्टन' आज विचित्र वाटतं, पण 'प्रिन्स्टन हॅज बीन व्हिजिटेड बाय आइनस्टाइन' तितकं नाही, कारण कर्त्याच्या जागी आता प्रिन्स्टन आहे आणि ते अजून उभं आहे. तसंच 'शेक्सपिअर हॅज इन्फ्लुएन्स्ड मेनी रायटर्स' बिनदिक्कत चालतं. प्रभाव पडणं थांबलेलं नाही.

हान्स रायखेनबाख या तत्त्वज्ञाने 1947 मध्ये काळांचं हे गणित तीन बिंदूंनी मांडलं: बोलण्याची वेळ, घटनेची वेळ आणि जिथून बघतोय ती वेळ. सिंपल पास्टमध्ये बघणारा घटनेजवळ जाऊन उभा राहतो. प्रेझेंट परफेक्टमध्ये तो आत्ताच्या जागेवरूनच मागे बघतो. 'हॅड गॉन'मध्ये तो मधेच कुठेतरी उभा असतो आणि तिथून आणखी मागे बघतो. 'यस्टरडे' शब्द बघणाऱ्याला कालच्या दिवसात नेऊन उभा करतो. 'हॅव' त्याला आज इथेच थांबवतो. एकाच वेळी दोन्ही जमत नाही.

---

उंबरठा:

अर्धविराम, छान. पण इंग्रज लोकही हा नियम कधीकधी मोडतात ना?

---

अर्धविराम:

बोलताना मोडतात. वाक्य परफेक्टने सुरू करायचं आणि शेवटी आठवण झाल्यासारखी तारीख चिकटवायची, असं ऐकू येतं. ऑस्ट्रेलियात पोलिसांच्या तोंडी निवेदनांत 'द मॅन हॅज देन फ्लेड' अशी परफेक्टने सांगितलेली अख्खी हकिकत ऐकायला मिळते. शिकणाऱ्याने ते ओळखावं, उचलू नये. आणि 'काल'बरोबर 'हॅव' लावण्यात आपण एकटे नाही. जर्मन आणि फ्रेंचमध्येही हॅव-सारखं सहायक क्रियापद कालच्या गोष्टीला खुशाल चालतं, त्यामुळे त्या भाषकांच्या इंग्रजीतही हुबेहूब हीच चूक सापडते.

---

दवबिंदू:

हॅव की हॅज, यातही मराठी पाय ओढते आणि त्याचं कारण फारसं बोललं जात नाही. 'तिने सगळी पत्रं लिहिली आहेत.' इथे 'आहेत' कर्माकडे बघून आलंय, पत्रं अनेक म्हणून. ते अनेकवचन डोक्यात घेऊन 'शी हॅव रिटन ऑल द लेटर्स' लिहिलं जातं. उलट 'त्यांनी काम केलं आहे' यात 'आहे' एकवचनी, म्हणून 'दे हॅज डन द वर्क'. इंग्रजीत क्रियापद कर्माकडे ढुंकूनही बघत नाही. शी हॅज, दे हॅव, कर्म एक असो की शंभर.

---

तिसरं_रूप:

माझ्या नावाला जागून एक प्रतिसाद. हॅवपुढे तिसरं रूपच. 'हॅव वेंट', 'हॅज केम', 'हॅव सॉ' या नेहमीच्या तीन. वेंटच्या जागी गॉन, केमच्या जागी पुन्हा कम, सॉच्या जागी सीन. कम, बिकम आणि रन यांचं तिसरं रूप पहिल्यासारखंच असतं, म्हणून लोक बिचकतात आणि दुसरं रूप लावून मोकळे होतात. आणि 'डिड'पुढे पहिलं रूप: 'डिड यू वेंट' नाही, 'डिड यू गो'.

पुट, कट, हिट यांची तिन्ही रूपं सारखीच. तिथे 'हॅव' गाळला की काळच बदलतो. बोलताना 'हॅव'चा नुसता 'व्ह' उरतो आणि 'हॅज'चा नुसता 'ज'. 'हीज ईटन' म्हणजे ही हॅज ईटन, 'हीज ईटिंग' म्हणजे ही इज ईटिंग. पुढचं रूप ऐकल्याशिवाय 'ज' कुठला ते कळत नाही. ऐकताना परफेक्ट निसटतो तो इथे.

---

कानामात्रा:

आता एक मेल समोर घेऊ. यात आत्तापर्यंतच्या बहुतेक चुका आहेत.

'आय हॅव रिसीव्ड युअर मेल ऑन मंडे. आय हॅड चेक्ड द फाइल अँड आय हॅव फाउंड थ्री मिस्टेक्स. आय हॅव करेक्टेड टू ऑफ देम यस्टरडे. आय डिड नॉट करेक्ट द थर्ड वन येट. आय अ‍ॅम वर्किंग ऑन धिस फाइल सिन्स टू वीक्स.'

पहिलं वाक्य: ऑन मंडे आहे, म्हणून 'आय रिसीव्ड'. दिवस गाळलात तर 'आय हॅव रिसीव्ड युअर मेल' उत्तम, पोच देण्याची ती नेहमीची शब्दरचना आहे.

दुसरं: 'हॅड'ला इथे काहीच काम नाही. तपासून झालंय आणि चुका हातात आहेत, म्हणून 'आय हॅव चेक्ड द फाइल अँड फाउंड थ्री मिस्टेक्स'. एक हॅव दोन्ही क्रियापदांना पुरतो.

तिसरं: यस्टरडे, म्हणून 'आय करेक्टेड'.

चौथं: 'आय हॅव नॉट करेक्टेड द थर्ड वन येट'. काम बाकी आहे, सोडून दिलेलं नाही. 'येट' गाळून 'आय डिड नॉट करेक्ट द थर्ड वन' लिहिलंत तर वाचणाऱ्याला वाटेल की ती मुद्दामच तशी ठेवली.

पाचवं: 'आय हॅव बीन वर्किंग ऑन धिस फाइल फॉर टू वीक्स'.

नोकरीच्या अर्जातही हेच. 'आय हॅव कम्प्लीटेड माय ग्रॅज्युएशन इन 2015' खोडा, 'आय ग्रॅज्युएटेड इन 2015' लिहा. सोडलेल्या नोकरीतलं सगळं सिंपल पास्टमध्ये: 'आय मॅनेज्ड अ टीम ऑफ सिक्स'. चालू नोकरीत तारीख न देता केलेली कामं परफेक्टमध्ये: 'आय हॅव हँडल्ड फोर प्रोजेक्ट्स'. त्यातल्याच एका कामाला साल जोडलंत की ते वाक्य पुन्हा सिंपल पास्टमध्ये जातं. दोन नोकऱ्यांचे काळ एकमेकांत मिसळले की वाचणाऱ्याला तुम्ही सध्या कुठे आहात तेच कळत नाही.

---

रानवारा:

वाचनखूण साठवली. शेवटची शंका. टेबलावर फुटलेला कप पडलाय. 'हू हॅज ब्रोकन द कप?' की 'हू ब्रोक द कप?' निकाल तर समोर शिल्लक आहे, म्हणजे परफेक्ट?

---

पूर्णविराम:

'हू ब्रोक द कप?' हेच जास्त सहज. निकाल शिल्लक आहे, पण तो सगळ्यांना दिसतोच आहे, त्यामुळे कप फुटलाय ही बातमी राहिलेली नाही. प्रश्न आहे फोडणाऱ्याचा, म्हणजे फुटण्याच्या त्या प्रसंगातला, आणि तो प्रसंग बंद. खोलीत येऊन कपाकडे बघत 'समबडी हॅज ब्रोकन द कप!' म्हणणाऱ्याने दार उघडलं, पुढचा प्रश्न आतला. 'हू टोल्ड यू?', 'हू मेड धिस?' हेही याच कारणाने सिंपल पास्टमध्ये.

'हू हॅज ब्रोकन' अगदीच बाद नाही. तुकड्यांकडे बोट दाखवत, रागाने, 'आता हे काय करून ठेवलंय' या सुरात ते ऐकू येतं.